बर्फखात्याची मागची पानं

मालीमच्या जेटीवर बर्फाचा कारखाना आहे,
त्याची वही माझ्याकडे असते.
पुढून हिशेब: कुठला ट्रॉलर, किती लाद्या, रोख की उधार.
मागून, उलटी धरून,
पुढच्या ऑलिम्पिकचे अंदाज.

रात्रपाळीला कॉम्प्रेसर धडधडतो,
अमोनिया डोळ्यांत चुरचुरतो,
आणि मोबाईलवर कुठल्या तरी थंड गावात
कुणी मुलगी पाठमोरी सुसाट जात असते,
पाठीनंच वाट ओळखत.
त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत,
म्हणून मी त्यांना मासळीची नावं दिली आहेत.

इसवण: उंच, चार गिरक्यांची उडी आजच पायात.
सगळे म्हणतात, तीच.
मी तिला पेन्सिलीनं लिहिलंय.
पंधराची आहे. सतरा भरल्याशिवाय मोठ्यांत घेत नाहीत,
आणि त्या दोन वर्षांत कंबर जागा बदलते,
हवेतला आस दोन बोटं सरकतो,
काल जी उडी तिची होती
ती आज दुसऱ्याच कुणा मुलीची असते.
मला माहीत आहे.
पर्वरीच्या शाळेच्या सिमेंटवर, चाकांच्या बुटांत,
तेराव्या वर्षी मी राज्यात दुसरी होते.
चौदाव्या वर्षी आईनं नवा युनिफॉर्म शिवला
आणि मी पडायला लागले.

तारली: लहानखुरी, घाईची.
उडीआधी श्वास घेते तो दिसतो.
परीक्षकांनाही दिसेल.

चणाक हा मुलगा. उतरतो असा
की लादी क्रशरमध्ये पडली.
गुण भरपूर, गुडघे मात्र अजून दोनच वर्षांचे.

लेपो आणि त्याची जोडीदारीण
टिकले तर पहिले येतील.
पण जोड्यांचा अंदाज करायचा नाही,
हे मी माझं लग्न मोडल्यावर ठरवलंय.

कायतानला यातलं काही कळत नाही.
तो मटक्याचा माणूस.
"तुझ्या त्या इसवणीचं वय सांग," म्हणाला.
पंधरा लावला. आला सोळा.
"एका वर्षानं चुकलीस," म्हणत
महिनाभर माझ्यावर फुगून होता.

दैतारी ओडिशाचा.
आकड्यानं लाद्या ओढतो, ओल्या उतारावरून, गमबुटात,
आणि अकरा वर्षांत एकदाही...
नाही, एकदा पडला होता.
तेव्हा त्यानं आधी आकडा लांब फेकला
आणि मग पडला.

एका पहाटे चहा घेऊन माझ्यामागे उभा राहिला.
पडद्यावर मुडदुशी होती,
अकरावी आलेली, यादीत नसलेली.
उडाली. पडली.
"परत दाखवा," म्हणाला.
मी उडी परत दाखवली.
"उडी नको. पडणं."
मग पडद्यावर बोट ठेवून, त्याच्या हिंदीत,
म्हणाला, बघा,
पडायच्या आधीच उठायला लागली आहे.

लादी गोठायला रात्र आणि दिवस लागतो.
आधी कडा, काचेसारख्या.
अडकलेली हवा सरकत सरकत मध्ये जमते, पांढरी,
आणि फुटायची तेव्हा लादी तिथूनच फुटते.
चार वर्षं म्हणजे तरी काय,
कुणाची पांढरी रेघ कुठे जमते
ते कळायला लागणारा वेळ.
किंवा तसंही नसेल.
मागच्या खेपेला माझे सहापैकी पाच चुकले होते,
आणि सहावा मी कायतानच्या सांगण्यावरून घेतला होता.

मुडदुशीचं नाव मी लिहिलं. शाईनं.

"एवढा मोठा बर्फ," दैतारी म्हणाला,
"वितळत कसा नाही?"
मला ठाऊक नव्हतं.
त्यानंच विचार केला, चहा संपवला,
"खाली नळ्या असतील. आपल्यासारख्याच,
मिठाच्या पाण्याच्या."
आणि जाता जाता,
"म्हणजे तिथंही कुणी रात्रपाळीला असणार."

बाहेर सांता रीता लागला होता.
चाळीस लाद्या, उधार.
वही मी सरळ केली.