सातवा प्रश्न

गुरुसिद्धनं फॉर्म काचेवरून आमच्याकडे सरकवला.
इंग्रजीतला सातवा प्रश्न आधी कन्नडात वाचला,
मग आमच्यासाठी मोडक्या मराठीत :
पहिल्यापासून काय दुखणं हाय?
तीन भाषा फिरून आला तरी प्रश्न तसाच होता.

ह्यांनी पेन घेतलं. म्हणाले, इल्ला.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
इतकं स्वच्छ कन्नड
मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

गुरुसिद्ध हसला. इल्ला लिहिलं तर साडेतीन हजार, अक्का.
हौदु लिहिलं तर कंपनी विचार करते.

कंपनी विचार करते म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.
उद्यमबागेतल्या फौंड्रीनंही एकदा ह्यांचा विचार केला
आणि भट्टीवरच्या माणसाला
शिट्टी देऊन गेटवर बसवलं.

इल्ला कसं?
मग ती रात्र कुणाची होती?
तिसरं रेल्वे गेट, पूल व्हायच्या आधीचं, बंद.
लोंढ्याकडून आलेली मालगाडी,
रिक्षात मी, माझ्या मांडीवर ह्यांचं डोकं,
आणि मी वाघिणी मोजत होते,
दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून.
एक्केचाळीसपर्यंत मोजल्या, मग चुकले.
नेहरूनगरला डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं जर...
आणि आत गेले.
ते वाक्य आठ वर्षं माझ्याकडे
अर्धंच पडून आहे.

पेन मी काढून घेतलं. खटका असलेलं पेन,
आत बारीक स्प्रिंग.
तसलीच एक ह्यांच्या छातीत आहे.
हौदु, मी लिहिलं.
साखर, हौदु. रक्तदाब, हौदु.
दोन ओळी पुरेनात, तेव्हा समासात लिहिलं.
हे रस्त्याकडे बघत बसले,
पत्नीनं चहाडी केल्यासारखे.

पत्त्यात ह्यांनी बेळगाव लिहिलं होतं.
गुरुसिद्धनं पासपोर्ट बघून
काही न बोलता खोडलं, बेळगावी केलं.
हेही आधीपासूनचंच दुखणं,
पण ते कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत.

विमा नाही तर व्हिसा नाही.
आमचा भैरू जर्मनीत ओतकामाच्या कारखान्यात आहे.
तिथं भट्टीजवळ माणूसच नसतो, म्हणतो,
काचेमागून बटणं दाबतात.
ह्यांना नातेवाईक, राजवाडे, बर्फ, काही बघायचं नाही.
ती भट्टी बघायची आहे. लांबूनच, म्हणाले.

चौथ्या दिवशी कागद आला.
बॅग हरवली तर पैसे. विमान चुकलं तर पैसे.
दात दुखला, पाय मोडला, पासपोर्ट गेला,
माणूस गेला तर पेटी घरपोच, त्याचेही.
सगळं काही, फक्त
हृदय आणि हृदयापासून उद्भवणारं सोडून.

मी ते दोनदा वाचायला लावलं.
मग राहिलं काय, मी विचारलं.
दात, गुरुसिद्ध म्हणाला.
आणि पहिल्यांदाच आम्ही तिघंही हसलो.

आणखी एक कागद होता, अकरा हजार चारशेचा.
त्यात हृदय चालतं,
पण जिवावर बेतलं तरच,
आणि जीव ठिकाणावर येईपर्यंतच.
पुढचं आपलं आपण.
यंदाची भिशी मी उचलली होती,
शिलाई मशीनला मोटर बसवायची म्हणून.
नोटा मोजून काचेवर ठेवल्या.
मोटर काय, पाय आहेत अजून.

परत येताना ह्यांनी पुलावर स्कूटर थांबवली.
हॉर्न वाजवत मागचे शिव्या घालायले होते.
खाली मालगाडी चाललेली, लोंढ्याकडेच.
मोज की, हे म्हणाले.
नको, मी म्हटलं, चला.

अठ्ठावन्न होत्या.