अबोला, चाळीस मीटरवर

माझा आवाज मुळातच दबका, कडेकडेनं चालणारा.
शब्दाचं शेपूट मी गिळतो, असं आई म्हणायची;
ती गेली, सवय राहिली.
फेरो बेटांतल्या आमच्या क्वाल्बाहून
न्यूफाउंडलंडला पोचेपर्यंत त्यातलं उरायचं काय?
दोन-चार व्यंजनं आणि समुद्राएवढी खरखर.

म्हणून गेल्या हिवाळ्यात कॉम्प्रेसर घेतला.
लहानशी डबी, एक खुंटी, एक काटा.
तो ओरडत नाही, हे आधी समजून घेतलं.
मोठ्याला डोकं वर काढू देत नाही,
बारक्याला खांद्यावर घेतो.
पहिल्याच रात्री अँब्रोज टल्क म्हणाला,
"हानुस, आज तू माझ्या स्वयंपाकघरात बसलायस."
मी खूश. खुंटी आणखी थोडी पिळली.

इथेच फसलो.
यंत्राला बारकं म्हणजे बारकंच,
शब्द कुठला नि शब्दांमधली फट कुठली, त्याला काय?
मी श्वास घ्यायला थांबलो की
ते खोलीभर चाचपडत फिरायचं
आणि हाताला लागेल ते उचलून
अटलांटिकपलीकडे नेऊन ठेवायचं:
हीटरची घुरघुर, खुर्चीची कुरकुर,
कुत्र्याचं कान खाजवणं.
"आणि तुझ्याकडे रंधा कोण मारतंय?"

कुणी नाही, मी म्हणालो.
"सर्र… थांबतो… पुन्हा सर्र. ओक नाही, पाइन आहे.
चाळीस वर्षं होड्या जोडल्यात मी, मला नको सांगूस."
मी खुंटी मागे घेतली.

भिंतीपलीकडे माझा भाऊ राहतो, एय्डुन.
वडिलांची होडी मी विकली, त्याला न विचारता.
त्याला अकरा वर्षं झाली.
घर एकच, मधोमध फळ्या, दारं दोन.
त्याचा रंधा मला ऐकू येत नाही.
म्हणजे येत असणार;
कानाला नको म्हणायला शिकवलं की कान शिकतो.

खुंटी पुन्हा पुढे गेली.
सिग्नलसाठी, मी स्वतःला सांगितलं.
मग अँब्रोज रोज हवामानाच्या आधी
सुताराची खबर द्यायचा:
आज पातं बोथट आहे. आज घाईत आहे.
आज खोकतोय, ऐकलंस?
तीन हजार किलोमीटरवरून यायची
माझ्याच भिंतीची बातमी.

फेब्रुवारीत एका मंगळवारी तो म्हणाला,
"आज तिकडे सामसूम. कॉम्प्रेसर बंद का?"
काटा पाहिला. चालू होता.
मी बोललो नाही, माइकचं बटण नुसतं दाबून धरलं,
आणि समुद्राच्या दोन काठांवर आम्ही दोघं
एका भिंतीचा कानोसा घेत राहिलो.
हीटर. कुत्रा.
बटण सोडलं तेव्हा अँब्रोज एवढंच म्हणाला,
"कालही नव्हता."

मोज्यांवरच बाहेर पडलो. वारा आडवा.
त्याच्या दारापर्यंत नऊ पावलं.
कडी नव्हतीच. एय्डुन बाकावर,
अंगठ्याला फडक्याचा हा एवढा गोळा,
पुढ्यात अर्धी घासलेली फळी.
"काय?"

माझा आवाज नेहमीसारखा तळाला गेला.
इथे यंत्र नव्हतं त्याला उचलून घ्यायला.
"न्यूफाउंडलंडहून," मी म्हणालो, "तुझी चौकशी करतायत."

"काय? मोठ्यानं बोल."