खोकला

रिसोडच्या माळावर हातभर खड्डा खणून
त्यात कान पुरला पुण्याच्या पोरीनं.
राखणीला डोमाजी.
"हलू नका काका, ह्याला सगळं ऐकू येतं."
शेळीचे खूर, चक्कीचा पट्टा,
फाट्यावर गिअर बदलणारा ट्रक.

सकाळी तिनं रेघ दाखवली.
"दोन चाळीसला हे काय?"
"म्याच खोकललो, बाई. हिवाचे दिवस."
तिनं वहीत लिहिलं: डोमाजी.

दोन कृष्णविवरं एकमेकांत बुडाली
तेव्हा पृथ्वीवर गवतही नव्हतं.
त्यांची लाट त्याच रात्री
माळावरून गेली.
अणूतल्या कणाहूनही कमी
डोमाजी लांबला, आखडला,
मग घोंगडी ओढून
कुशीवर वळला.

वळल्याची तेवढी
रेघ उमटली.