डाव्या हाताला ट्रंक कॉल

एकोणीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली मी.
कानावर हेडफोन, समोर भोकांची भिंत,
हातात दोऱ्या. सांगली, लातूर, कोपरगाव.
“पुणे बोलतंय. होल्ड करा.”
माणसं रडायची, भांडायची, स्थळं ठरवायची
माझ्या दोन बोटांमधून,
आणि रडणं कितीही खरं असलं तरी
मला सांगावंच लागायचं:
तीन मिनिटं झाली.

फेब्रुवारीत, दूध उतू जात असताना,
माझ्याच खांद्यापासून माझ्याच मनगटापर्यंतची
लाइन गेली.
अडीच फूट.
इतक्या जवळचा कॉल
मी आयुष्यात कधी जोडला नव्हता.

एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
तौसीफ बागवान माझ्या डोळ्यांवर
जाडसा चष्मा चढवतो. चष्मा कसला, डबाच तो.
“कुमुदमावशी, आज सफरचंदं तोडायची.”
बापाचा मार्केट यार्डात फळांचा गाळा,
आणि हा मला खोटी फळं तोडायला लावतो.
तसं म्हटलं तर हसला.
“ही नासत तरी नाहीत.”

आत डोंगर आहे. वर आकाश,
एकही केबल न लोंबणारं, म्हणजे पुण्यातलं नव्हे.
एक झाड, आणि दोन हात: निळसर, गुळगुळीत,
ना सुरकुती, ना बांगडी.
त्यातला डावा माझा म्हणायचा.
तो तिथेही लोंबतच होता.

पहिला आठवडा शून्य.
शेजारी भूगावचा ऋतुराज, बाइकवरून पडलेला,
मांडीत लोखंडी सळई.
तो त्याच्या डब्यात झुलता पूल ओलांडतो.
बाहेरून बघावं तर दोन दांड्यांच्या मध्ये
घाम गाळत वीतभर सरकलेला.
“किती झाले, आज्जी?”
“चार.”
“माझे एकशेदहा!”
मेल्या, तुझं नुसतं हाड मोडलंय.
माझं एक्स्चेंजच जळालंय.

पण ते चार रात्री टोचायला लागले.
नुसतं सांगितलं असतं, दहा वेळा हात वर करा,
तर मी तीन करून दहा म्हटलं असतं.
ह्यांना विचारा हवं तर.
सफरचंदाशी लबाडी चालत नाही.
बोट टेकलं तर टिंग, नाहीतर झाड आपलं उभं.

एका मंगळवारी तौसीफने मध्येच डबा काढला.
“हात बघा.”
हात कानाशी होता.
पूर्वी हेडफोन सारखा करायला जायचा, बरोब्बर तिथे.
मी आत फांदीकडे बघत होते,
हा इतका वर आलाय
हे मलाच कुणी कळवलं नव्हतं.
ऋतुराजने टाळ्या वाजवायला दांड्या सोडल्या
आणि पडता पडता वाचला.

घरी मात्र फडताळ.
वरच्या खणात पोह्यांचा डबा, स्टीलचा, खरा.
त्याच्यामागे डोंगर नाही. तो गुण देत नाही.
ह्यांनी काढून द्यायला हात पुढे केला.
“थांबा,” मी म्हटलं, “लाइनवर आहे मी.”

कोपर निघालं. खांदा नको म्हणाला.
होल्ड करा.
करंगळी झाकणाला लागली, मग तिच्या शेजारची,
डबा कलंडला,
पोहे ओट्यावर, फरशीवर, ह्यांच्या बनियनवर.

टिंग, मी म्हटलं.
तोंडानेच.

हे केरसुणी शोधत राहिले.
हात अजून वरच होता, थरथरत,
फळीची कड धरून.
घड्याळात बघितलं. तीन मिनिटं झाली होती.
वाढवून घेतली.