रावणाच्या मिशा

गगनबावड्याच्या एसटीत पायाशी पोतं,
पोत्यात तीन पेरं आणि घमेलंभर वाळू:
शेलार मॅडमनी असं आणलं त्याला कोल्हापुरात.
जिथून उपटलं
तिथं आता रिसॉर्टच्या गाड्या लागतात.

इलाही मामांनी अर्धं पिंप कापलं,
वाळू ओतली, पाटी लिहिली: रावणाच्या मिशा.
बाग बघायला आलेली पोरं पाटी वाचून हसतात,
पातं टोचलं की गप्प.

मामा रोज झारीत चिमूटभर मीठ टाकायचे.
"मीठ लागत नाही हो त्याला," मॅडम म्हणाल्या,
"सोसतं नुसतं."
मामांनी मान हलवली
आणि दुसऱ्या दिवसापासून चिमूट लहान केली.

थंडीभर गुऱ्हाळाचा धूर त्याच्यावरून गेला.
तिसऱ्या उन्हाळ्यात काटेरी गोंडा धरला,
वाळला, सुटला,
गडगडत निघाला फरशीवरून
पुळणीवर निघाला असता तसाच,
आणि फाटकापाशी
वॉचमनच्या बुटाला अडला.

"मादी आहे," मॅडम म्हणाल्या.
"नराचं झाड वेगळं असतं.
तेही आणायला हवं होतं तेव्हा."
मग चष्मा पुसत राहिल्या.

मामांनी गोंडा उचलला, बोटाला रक्त आलं,
तो परत पिंपात ठेवला.

आता कडेवरून एक धुमारा बाहेर लोंबतोय
मावळतीकडं, घाटाच्या अंगाला.
उन्हामुळं, असं मॅडमचं म्हणणं.
बाकीच्या कुंड्या मामा महिन्याला फिरवून ठेवतात.
हे पिंप तेवढं
फिरवत नाहीत.