अठरा पॉइंट चार

मूलच्या कॉलेजात मी मोल शिकले.
हसा, वर्गही हसला होता.
मागून प्रफुल्ल गुरनुले म्हणाला, ‘कितीले पडला मोल, म्याडम?’
ठेंगरे म्याडम शून्यं लिहीत गेल्या,
फळा संपला, खडू संपला,
शून्यं दाराच्या चौकटीशी थांबली.

दहावीपर्यंत माझ्याकडे आम्ल होतं, आम्लारी, क्षार.
इथे साऱ्यांची नावं बदलली,
लग्नात बदलतात तशी.

प्रयोग सातवा : पाण्याचा कठीणपणा.
जर्नलमध्ये छापलेलं, रंग वाइन रेड ते निळा.
वाइन पाहिली होती कोणी?
मोहाची पाहिलेली सगळ्यांनी, पण ती तर
डिस्टिल्ड वॉटरसारखी.
निकुरे भाऊ, तेवीस वर्षं ब्युरेट धुणारे, म्हणाले,
‘अंबाडीच्या फुलाचं सरबत आठव. मंग नीळ.
नीळ दिसली का हात थांबव.
मंग थांबून काई फायदा नाई.’

गावचं पाणी आणायचं होतं.
मी बोरिंगचं आणलं, तेलाच्या बाटलीत,
बसमध्ये मांडीवर धरून, लेकरासारखं.

कॉलेजच्या नळाचं सात पॉइंट एकला निळं झालं.
माझं दहाला लाल.
चौदाला लाल.
‘तुमच्या गावात खडू पेतेत का?’ प्रफुल्ल.
सोळा. माझा अंगठा बधिर.
अठरा पॉइंट तीनला जरा जांभळट,
आणि पुढच्या थेंबाला
सगळा फ्लास्क एकदम निळा.

गुणिले चाळीस. सातशे छत्तीस.

आकडा लिहिता लिहिता मला डाळ दिसली.
तीन शिट्ट्या, सहा, नऊ,
तरी दाणा वेगळा, पाणी वेगळं.
आणि बाबा, कधी ओरडून नाही,
ताट थोडं पुढे सरकवून :
‘तुह्या हातालेच नाई.’

शेवटच्या बसनं घरी आले.
कॅल्शियम सांगितलं, मॅग्नेशियम सांगितलं,
पुस्तकातल्या भाषेत, मग आमच्या, मग हातवारे करून.
आई सांबार निवडत होती.
‘मले मालूम हाये,’ म्हणाली.
‘म्हून त पाहुणे आले का
डाळीपुरतं बोडीचं आणतो.’
एक गुंड. बोडीची पाळ चढून, उतरून,
माझ्या जन्माआधीपासून.

मग बाबांना का नाही सांगितलंस?

तिनं सांबाराची जुडी झटकली.
‘इचारलं कोनं?’

जर्नल परत आलं.
सातशे छत्तीसला लाल पेनाचा गोल,
बाजूला प्रश्नचिन्ह : एकक?
अर्धा मार्क गेला.