चाळीस पौंड मीठ

चौदा वर्षं अर्ज, चौदा वर्षं नकार,
आणि या मे महिन्यात परवाना लागला.
वायोमिंगच्या रानातला एक नर एल्क
कागदावर तरी माझा झाला.
परक्या राज्यातल्या माणसानं त्या राखीव रानात
वाटाड्याशिवाय शिकारीला शिरायचं नाही, असा कायदा.
म्हणून लव्हॉननं साखरेचं भांडं सरकवून
टेबलावर जागा करून दिली.

पाच माहितीपत्रकं.
पाचांवरही जणू तोच माणूस,
नारिंगी टोपी, गुडघ्यावर बसलेला,
दोन्ही हातांत शिंगं गच्च धरून,
कुणी पळवून नेईल अशी.
एल्क मात्र दर वेळी वेगळा.
तो कॅमेऱ्याकडे बघत नाही.

पहिला म्हणाला, नव्वद टक्के यश.
चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर ब्याण्णव झालं होतं,
हंगाम सुरू व्हायला अजून चार महिने.
दुसऱ्याकडे गरम पाण्याचा टब आणि रोज संध्याकाळी वाइन.
लव्हॉन म्हणाली, मग मीच जाते, तू घरी बस.
तिसऱ्यानं आगाऊ रक्कम आधी विचारली, नाव नंतर.
चौथ्याचं सगळं बरं होतं, घोडे, तंबू, दर.
सहज खेचरांची नावं विचारली.
म्हणाला, नंबर आहेत.

पाचवी बाई. डेल्फा रेंक्विस्ट.
खूप वेळानं फोन उचलला,
मागे कुणीतरी नाल ठोकत होतं.
"गेल्या वर्षी अकरा आले. चौघांना मिळाला.
दोघांचा नेम चुकला. एक तापानं तंबूतच पडून.
एकानं ऐन वेळी बंदूक खाली ठेवली,
मी कारण विचारलं नाही.
बाकीचे नुसते चालले."
ज्यांना मिळाला त्यांचे नंबर द्या, मी म्हटलं.
"ते गोडच बोलतील. हा घ्या,
रिकाम्या हातानं गेलेल्याचा."

टोलेडोचा अँसेल क्रुप, छपरं शाकारतो.
पन्नास मिनिटं बोलला.
पहाटे तीनला तंबूतल्या शेगडीत लाकूड सारताना
दार वाजू न देणारा डेल्फाचा हात.
कॉफीत पाइनच्या सुया.
आडव्या पडलेल्या झाडांमधून
एक मैल जायला लागलेली अख्खी सकाळ.
आणि पाचव्या दिवशी दरीपलीकडून ती हाक:
गंजलेलं फाटक उघडावं तशी सुरू झाली,
चढत चढत शिट्टी झाली,
मग नुसता खोकला.
"दिसला?"
"शिंगांची टोकं. उजेड संपला."
"मग पैसे वाया गेले म्हणायचे."
बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, फोन तुटला.
"पुढच्या वेळचे साठवतोय," तो म्हणाला.

डेल्फाला कळवलं, तुम्हीच.
"थांबा. मी अजून हो म्हटलेलं नाही.
चाळीस पौंड पाठीवर घेऊन किती चढता?"
बाई, हे नेब्रास्का आहे,
इथे चढायला काही नाही.
"जिना असेल."

ताकाला जाऊन भांडं लपवत होतो मी.
डाव्या गुडघ्यात लोखंड आहे
हे चौघांनाही सांगितलं नव्हतं.
तिला सांगितलं.
"मग तुम्हाला बर्डी देते. म्हातारी खेचर,
उतारावर घाई करत नाही.
आणि ऐका, गोळी लागली की काम सुरू होतं.
मांस सगळं खाली आणायचं, शिंगं शेवटी.
पटत नसेल तर चेक फाडू नका."

चेक फाडला.
आता रोज रात्री जेवण झालं की तळघर.
पाण्याच्या यंत्रात घालायच्या मिठाची गोणी पाठीवर,
तेरा पायऱ्या वर, तेरा खाली.
लव्हॉन वर भांडी पुसत मोजते
आणि मुद्दाम चुकते, मला वाटतं, माझ्या बाजूनं.
काल सातव्या फेरीला गोणीचा कोपरा फाटला,
पायरीपायरीवर पांढरी रेघ.
खराटा घेऊन ती दारात उभी राहिली.
"जनावरं मिठाच्या वासानं येतात म्हणे," ती म्हणाली,
"राहू दे आजची रात्र.
दार नुसतं लोटून ठेव."